पोरं कुणाशी बोलतात?

कोल्हापुरात सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ‘काय चाललंय?’ म्हणून विचारलं, की ‘निवांत’ हे उत्तर ठरलेलं. बारावीला विषय राहिलेला असो, घरी बाप पिऊन धिंगाणा घालत असो, इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून डोळे चुरचुरत असोत, उत्तर तेच. तोच पोरगा कधी आईनं ओढून दवाखान्यात नेला, तर तिथे सांगतो की डोकं जड वाटतं, छातीवर दडपण येतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही. बहुतेक वेळा त्याला पित्ताची गोळी मिळते आणि तो परत कट्ट्यावर येऊन ‘निवांत’ होतो. मनाच्या डॉक्टरकडे पाठवायचं म्हटलं, तर घरचे दचकतात. पेठेत आणि गावात तो अजूनही ‘वेड्यांचा डॉक्टर’च आहे.

हा लेख त्या पोरांविषयी आहे. त्यातही दलित वस्तीतल्या, मुस्लिम मोहल्ल्यातल्या, भटक्या-विमुक्तांच्या पालांवरच्या, ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या टोळ्यांतल्या मुलांविषयी. त्यांच्या मनाला आधार कोण देतं, कोण देऊ शकेल, आणि जगात व महाराष्ट्रात याबाबत जे करून पाहिलं गेलं त्यातलं कोल्हापूरच्या मातीत काय रुजेल, हे एकत्र मांडून पाहायचं आहे.

आधी आकडे. ते थोडेच आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलामुलींना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. दुसरा आधार राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांतले शंभरात सुमारे ७२ पुरुष होते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या १३,०४४, आणि त्यांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर, १,७६४. पण याच अहवालात अठरा वर्षांखालच्या गटात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. मुलांचं दुःख कमी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मुलगी त्या वयात कोलमडते तेव्हा ते दिसतं. मुलगा ते दाबून ठेवतो आणि मिसरूड फुटल्यावर, नोकरी-लग्नाच्या वयात, ते एकदम वर येतं, असं मला हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाटतं. जात कोणती, हे वार्षिक अहवालात छापलं जात नाही. रोहित वेमुला, पायल तडवी, दर्शन सोळंकी या आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची नावं आपल्याला माहीत झाली, कारण ती मोठ्या संस्थांत पोचलेली मुलं होती. तिथवर न पोचलेल्यांची बेरीज कुठल्याच तक्त्यात नाही.

डॉक्टरांची गोष्ट दोन ओळींत संपते. देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा नाही, प्रमाण ०.७५ धरलं जातं. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८.७६ लाख होती. देशाची सरासरी लावली तर तिशीच्या आत डॉक्टर येतात, आणि गगनबावडा किंवा चंदगडच्या पोराला त्यांतला एकही जवळ नसतो. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्याला सगळ्यांत जवळचं रत्नागिरीचं, आंबा घाट उतरून. खूप बिघडल्यावर न्यायची ती जागा. बिघडायच्या आधीची जागा कोणती, हा खरा प्रश्न.

सरकारनं काही वाटा काढल्या आहेत. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालतो आणि महाराष्ट्रात त्याची केंद्रं ‘मैत्री’ नावानं ओळखली जातात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून. ती जरूर वापरावी आणि भिंतीवर लिहून ठेवावी. पण बोलणाऱ्याला आडोसा लागतो. एका खोलीत सहा माणसं झोपतात त्या घरात, आईच्या फोनवरून, पोरगा काय बोलणार? मैत्री केंद्र उघडं असतं तेव्हा तो शाळेत तरी असतो, नाहीतर गॅरेजमध्ये. गावात आरोग्याचा सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे आशाताई. त्या गरोदर बायांसाठी, बाळांसाठी जीव तोडून काम करतात. पण सतरा वर्षांचा पोरगा आपल्या आईच्या ओळखीच्या बाईकडे जाऊन ‘मला रात्री भीती वाटते’ असं सांगेल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. सेवा आहे, पण पोरगा जिथे असतो तिथे ती नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या लोकांना आधी पडला होता. तिथे दवाखाने आपल्यापेक्षा पुष्कळ, तरीही त्यांची मुलं त्या दारात जात नव्हती. दवाखाना, शाळा आणि पोलीस या तिन्हींकडे ती एकाच संशयानं पाहत, आणि त्या तिघांकडूनही तोच संशय परत येई. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते १२ वयातल्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट आढळलं, तेव्हा तिथली संसदसुद्धा हलली. या वस्त्यांशी आपलं नातं जुनं आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नावासकट तिकडच्या ब्लॅक पँथरकडे पाहून. ब्लॅक पँथरांनी आपल्या वस्त्यांत फुकट दवाखाने चालवले होते, ही बाजू इकडे फारशी आली नाही.

तिकडच्या दोन कामांकडे नीट पाहावं. पहिलं शिकागोचं ‘बिकमिंग अ मॅन’. गरीब वस्तीतल्या शाळांत, तासाच्या वेळातच, आठवड्यातून एकदा मुलं गोल करून बसतात, सोबत एक मोठा माणूस. पहिल्याच बैठकीत एक खेळ होतो. जोड्या लावतात, एकाच्या मुठीत चेंडू, आणि दुसऱ्यानं तीस सेकंदांत तो मिळवायचा. पोरं झोंबतात, बोटं पिरगाळतात, कपडे ओढतात. वेळ संपल्यावर सोबतचा माणूस विचारतो, ‘कुणी मागून का नाही पाहिला?’ पोरं म्हणतात, मागितला असता तर समोरच्यानं मला बावळट समजलं असतं. मग चेंडूवाल्याला विचारतात, तर तो म्हणतो, मागितला असता तर दिलाही असता. शिकागो विद्यापीठानं चिठ्ठ्या टाकून, म्हणजे काही मुलांना हे देऊन आणि काहींना न देऊन, तपासणी केली. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. ज्या तुकडीचा पुढे माग काढता आला, तिच्यात शाळा पूर्ण करणारेही वाढले. औषध नाही, उपदेशही नाही. रागाच्या क्षणी एक श्वास थांबायची सवय, एवढंच.

दुसरं काम न्हाव्यांचं. आर्कान्सा राज्यातून सुरू झालेला ‘कन्फेस प्रोजेक्ट’ कृष्णवर्णीय केशकर्तनालयांतल्या कारागिरांना ऐकायला शिकवतो. खुर्चीत बसलेला माणूस अर्धा तास कुठे जात नाही, आरशातून बोलणं सोपं जातं. वाचल्यावर पहिल्यांदा वाटतं, हे तर आपल्याकडे उद्या सुरू होईल, पेठेपेठेत सलून आहेच. इथे मात्र थांबलं पाहिजे. अमेरिकेत ते दुकान कृष्णवर्णीयांचं स्वतःचं होतं, गोऱ्यांच्या जगातला त्यांचा हक्काचा कोपरा. आपल्याकडे दलितांना ज्या जागा नाकारल्या गेल्या त्यांत न्हाव्याची खुर्चीही होती, आणि खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना ते अजून आठवतं. कोपरा कुणाचा होता हे विसरून नुसती खुर्ची आणली, तर ज्यांच्यासाठी आणायची ती पोरंच बाहेर राहतील.

ब्राझीलहून आलेली गोष्ट त्या मानानं आपल्याकडे अधिक खोल रुजली. रिओच्या झोपडपट्ट्यांतल्या तरुणांसाठी ‘प्रोमुंडो’ या संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘प्रोग्रॅम एच’ बांधला. मर्द म्हणजे काय, राग कुठून येतो, मैत्रिणीला मारणं म्हणजे प्रेम का, असल्या गोष्टी पोरांनी पोरांशी बोलायच्या. २००० नंतरच्या दशकात ‘कोरो’ आणि इतर संस्थांनी तो मुंबईच्या वस्त्यांत आणला, ‘यारी-दोस्ती’ नावानं. रिओतल्या प्रसंगांऐवजी चाळीतले प्रसंग घातले आणि वस्तीतल्याच तरुणांना गटाचं काम दिलं. २०१० च्या सुमारास मुंबईत ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला, शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना आणि गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या तरुणांना हाताशी धरून. मूळ कल्पना अमेरिकेतली, खेळाच्या प्रशिक्षकांमार्फत मुलांशी बोलायची. तपासणीत मुलांचा दृष्टिकोन बदललेला दिसला, वागण्यातला बदल मात्र थोडाच. मला तो थोडाच बदलही खरा वाटतो. एका हंगामात सगळं पालटलं म्हणणाऱ्या अहवालापेक्षा यावर माझा विश्वास जास्त बसतो. हरीश सदानी यांची ‘मावा’ संस्था १९९३ पासून पुरुषांशी, विशेषतः कॉलेजच्या मुलांशी हेच बोलत आली आहे.

मराठी मुलखात आणखीही काम उभं आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालतं. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढच्यांना हात देतात. आपल्याकडे डॉक्टर नसलेला माणूस दुसऱ्याचं मन सावरू शकतो, याचा हा जुना आणि भक्कम पुरावा. साताऱ्यात डॉ. हमीद दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसमित्र घडवायला घेतले, मनाचा प्रथमोपचार करणारे. आणि नाशिक जिल्ह्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ चाललं, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राचं. गावातलीच माणसं निवडायची, कुणाचं बिनसलंय हे ओळखायला शिकवायचं, त्यांतल्या काहींना चार-सहा बैठकांचं समुपदेशन शिकवायचं, आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पोचवायचं. पुढे ते गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर गेलं. आत्मीयताची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांची माणसं सरकारी योजनाही मिळवून देतात. पोराची शिष्यवृत्ती अडकलीय, जातीचा दाखला किंवा जात पडताळणी होत नाही म्हणून प्रवेश जातोय, बाप गेल्यावर आईची पेन्शन लागलेली नाही. हे सुटल्याशिवाय ‘दीर्घ श्वास घे’ म्हणण्यात अर्थ नसतो.

आता बिहारमधला तो अभ्यास, जो माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेच्या लोकांनी नालंदा जिल्ह्यातल्या सुमारे ७५ शाळांत नववीच्या मुलांसाठी ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम केला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या मित्रानं चालवला. काही शाळांत तोच कार्यक्रम, त्याच साहित्यानं, शाळेतल्याच शिक्षकानं चालवला. उरलेल्या शाळांत फक्त नेहमीचा सरकारी किशोर-शिक्षण कार्यक्रम. २०१८ मध्ये निकाल छापून आले. मित्र होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, उदासी घटली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षक होता तिथे उरलेल्या शाळांपेक्षा फारसा फरक पडला नाही. कार्यक्रम एक, निकाल दोन. जो हजेरी घेतो, गुण देतो, घरी चिठ्ठी पाठवतो, त्याच्यापाशी पोरगा मन उघडत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा अशी मार्गदर्शक तत्त्वं दिली. चांगलंच झालं. पण ती खुर्ची भूगोलाच्या सरांनाच जादा कामाची म्हणून दिली गेली, तर काय होईल हे नालंदानं आधीच सांगून ठेवलंय.

मग कोल्हापुरात पोरांच्या आयुष्यात हजेरी न घेणारा मोठा माणूस कोण? माझ्या डोळ्यांपुढे आधी वस्ताद येतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान, भल्या पहाटेच्या जोर-बैठका, अंगाला लागलेली तांबडी माती. वस्तादाला पोराचं शरीर कळतं. खुराक कमी झाला, झोप झालेली नाही, आज हात ढिला पडतोय, हे त्याला पोरानं तोंड उघडायच्या आधी दिसतं. मनाचं दुखणं आमच्याकडे आधी अंगातूनच बोलतं, आणि ते वाचणारा माणूस तालमीत रोज हजर असतो. तसाच फुटबॉलचा कोच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खं शहर घेतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा, रिक्षावाल्याचा मुलगा. पेठेतल्या पोराला कोच ‘मैदानात ये’ म्हणाला, तर तो ताप असला तरी जातो. असा शब्द चालणारी माणसं आपल्याकडे आहेत, हे थोडं नाही.

पण तालमीचं कौतुक करताना तिच्या दोन भिंती लपवू नयेत. पहिली भिंत सहन करण्याची. मातीत पडलास तर ऊठ, दुखलं तर दाखवू नकोस. कुस्तीला हे हवंच, आयुष्यभरासाठी मात्र ते ओझं होतं. खांदा निखळल्याचं पैलवान सांगतो, पण ‘जगावंसं वाटत नाही’ हे सांगणं त्याला हार वाटते. दुसरी भिंत पेठेची आणि जातीची. तालमीत गणपती बसतो, तिथेच मोहरमचे पंजेही बसतात. कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसतो. हे आमचं खरं वैभव. तरी ७ जून २०२३ ला याच शहरात मोबाइलच्या स्टेटसवरून दगड पडले, इंटरनेट बंद झालं, आणि स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलांचीही नावं पुढे आली. त्या दिवसानंतर मोहल्ल्यातल्या पोरांना घरातून ‘फोनला हात लावू नको, बाहेर कुणाशी वाद घालू नको’ असं बजावलं गेलं असणार. तो धाक घेऊन वाढणाऱ्या मुलाशी नंतर कोण बसून बोललं? आणि दगड मारायला गेलेल्या पोराशी तरी? ‘पोलीस पाहतील’ एवढ्यावर आपण दोघांनाही सोडलं.

इथे शाहू महाराजांची वसतिगृहं आठवल्याशिवाय राहत नाही. दसरा चौकातून जाताना ती इमारतींसारखी दिसतात, पण १९०१ ते १९२० या काळात ती काय होती याचा विचार करावा. खेड्यातला, घरात पहिल्यांदाच अक्षर शिकणारा मुलगा शहरात येतो. त्याला हसणारे खूप, धीर देणारा कुणी नाही. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या आधीच्या वसतिगृहात मागास जातींच्या मुलांना जागा उरेना, तेव्हा महाराजांनी एकेका समाजाचं बोर्डिंग उभं केलं. १९०१ मध्ये मराठ्यांचं आणि जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जेवण आणि निजायला जागा तर होतीच, पण आपल्यासारखी दहा पोरं आणि आपल्या बाजूचा एक मोठा माणूस रोज संध्याकाळी भेटणं, हा त्यातला मोठा भाग होता. मानसिक आधाराला आज जे शास्त्रीय नाव देतात ते त्यांनी दिलं नाही, एवढंच. गंगाराम कांबळेंची गोष्टही याच प्रकारची. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या माणसाला महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान काढायला लावलं आणि स्वतः तिथे जाऊन, बरोबरच्या मंडळींना घेऊन, चहा प्याले. अपमान झालेल्या माणसाला त्यांनी लोकांच्या नजरेसमोर, गावाच्या मध्यात, बसायची जागा मिळवून दिली. खचलेल्या मनावर याहून थेट उपचार मला माहीत नाही.

त्या बोर्डिंगांचा वारसा आज समाजकल्याणच्या मागासवर्गीय वसतिगृहांकडे आहे. तिथे गृहपाल असतो, पण तो रजिस्टर सांभाळतो, गेट बंद करतो, तक्रार वर पाठवतो. म्हणजे पुन्हा हजेरी घेणाराच. सेहेरचा निकाल इथे लागू करायचा तर गृहपालाच्या जोडीला एक वेगळा माणूस लागेल. त्याच वसतिगृहात राहून शिकून गेलेला, आता पंचविशीत असलेला, ज्याला मेसच्या आमटीपासून शिष्यवृत्तीच्या तारखेपर्यंत सगळं ठाऊक आहे असा. त्याला मुक्तांगण किंवा आत्मीयताच्या धर्तीवर काही आठवड्यांचं शिक्षण द्यायचं. कोणती लक्षणं दिसली की आपण थांबायचं आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मुलाला सोबत घेऊन जायचं, हे त्याला पक्कं माहीत हवं. ‘जा’ म्हणून पाठवायचं नाही, बरोबर जायचं. आणि त्याला मानधन द्यायचं. फुकटची समाजसेवा पहिल्या चार महिन्यांत आटते, कारण तोही गरिबाघरचाच असतो.

वस्तादांचं आणि कोचचं शिक्षण याहून वेगळं लागेल. त्यांना समुपदेशक करू नये. त्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. पोरगा गप्प झालेला दिसला तर आखाड्याबाहेर, एकटा गाठून, ‘काय झालं रे बाळा?’ म्हणून विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. आणि आपल्या तोंडातून ‘बायकांसारखा रडतोस काय’ हे वाक्य कायमचं काढून टाकावं. या दुसऱ्या गोष्टीला खर्च शून्य आहे आणि ती सगळ्यांत अवघड आहे.

तालमीत न येणाऱ्यांचं काय, हेही पाहिलं पाहिजे. ऊसतोड टोळीतला पोरगा कोयता घेऊन पहाटे फडात असतो. वीटभट्टीवरचा विटा वाहतो. त्यांचा मुक्काम पाच-सहा महिन्यांचा, मग ते जातात, आणि कुठल्याच शाळेच्या, दवाखान्याच्या वहीत त्यांचं नाव टिकत नाही. अनुराधा भोसले यांची ‘अवनि’ संस्था इथे बालमजुरांत आणि स्थलांतरितांच्या मुलांत काम करत आली आहे. अशा कामाला जोडूनच या मुलांपर्यंत जाता येईल, आणि तेही संध्याकाळी, खोपटांपाशी, चुली पेटल्यावर.

गंगावेशीत रात्री दूध कट्टा भरतो. म्हशी येतात, समोर धार काढतात, ग्लासात फेसाळ दूध. पैलवान असतात, अभ्यासिकेतून सुटलेली पोरं असतात, पेठ-मोहल्ला असा भेद त्या अर्ध्या तासात कमी होतो. खुर्च्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलणं. मी तिथे कितीदा तरी दोन पोरांना बाजूला होऊन, एकमेकांकडे न पाहता, ग्लासात पाहत बोलताना पाहिलंय. ग्लास केव्हाच रिकामा झालेला असतो.